दाजींचा हात थांबला त्याची गोष्ट

माझे दाजी काच कापायचे. खिडक्यांची तावदानं, तसबिरींच्या काचा, कपाटांचे आरसे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण हळूहळू अख्खी गल्लीच त्यांना दाजी म्हणायला लागली आणि मग गिऱ्हाइकंही. दुकान दोघा भावांचं. दाजी थोरले, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेला त्यांचा धाकटा भाऊ. खाली दुकान, वर बिऱ्हाड.

माणूस सरळ. सोबत राहणाऱ्याला वैताग यावा इतका सरळ. गिऱ्हाइकाने विचारावं, "काच किती वर्षं टिकेल हो?" तर दाजी सांगणार, "दगड लागेपर्यंत." असं बोलून कुणाचा धंदा चालतो? त्यांचा चालायचा, कारण हात तसा होता. काच कापायची हिरकणी चिमटीत धरली की ते श्वास रोखायचे आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात रेघ ओढायचे. या धंद्यात रेघ एकदाच ओढतात. मध्ये थांबलात किंवा त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवलात, की काच रेघ सोडून तिला वाटेल तिथे तडकते. दाजींना दुसरी रेघ कधी लागलीच नाही.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. त्यामुळे ताई म्हणते की मला दुसऱ्याच्या प्रत्येक गोष्टीत पाय घालायची सवय लागली आहे. तिचं म्हणणं खोटं नाही. या प्रकरणात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो, म्हणून मीच सांगतो. त्या घरातलं दुसरं कुणी सांगायला गेलं तर ते मला ऐकवणार नाही.

सुरुवात उजव्या अंगठ्याने झाली. दाजी नुसते बसलेले असले की अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, चिमटीत कागदाची गोळी वळत असल्यासारखा. मग मनगट, मग सगळा हात. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी काही दिवस साथ दिली आणि मग त्यांनीही हात टेकले. पुढे एका मोठ्या डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून आत तार सोडायचं ऑपरेशन सुचवलं. दाजी म्हणाले, "काचेला भोक पाडताना किती काचा फुटतात ते मला ठाऊक आहे," आणि उठून आले.

तेव्हापासून दुकान धाकट्यावर पडलं. या धाकट्याबद्दल मला पुढे बरंच वाईट बोलायचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो की माणूस वाईट नव्हता. परगावच्या काचेच्या कारखान्यात त्याला फोरमनची नोकरी मिळत होती, जागेसकट. भाऊ आजारी म्हणून त्याने ती सोडली. दोघांचं काम एकटा ओढताना त्याचा खांदा कायमचा धरला. दाजी बाहेरच्या स्टुलावर बसून खिडक्यांच्या चौकटींना लांबी, म्हणजे काच पक्की बसवायची पुट्टी, भरायचे, तीही वेडीवाकडी, आणि दाजी जेवायला गेले की धाकटा ती गुपचूप नीट करायचा.

आणि ताई. शर्टाची बटणं ताई लावायची, दाढी ताई करायची, नखं ताई काढायची. चहा अर्धा कप द्यायची, म्हणजे सांडायचा नाही, आणि तो संपला की न बोलता उरलेला अर्धा. चार वर्षं मी तिला पूर्ण कप देताना पाहिलं नाही. कुणी "बिचारी" म्हटलेलं तिला खपायचं नाही. "त्यांचा हात गेलाय, माझे दोन आहेत," असं म्हणायची. मला तिचा अभिमान वाटायचा. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ कडू होते.

आजाराच्या चौथ्या वर्षी सरकारी इस्पितळात एक प्रयोग सुरू झाला. कवटी न उघडता, नुसत्या बाहेरून लावलेल्या विजेने मेंदूच्या अगदी खोल भागापर्यंत पोचायचं. मीच दाजींना घेऊन गेलो. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि बोलायला चांगली होती. तिने सांगितलं, डोक्यावर चार पट्ट्या चिकटवायच्या आणि त्यांतून विजेचे दोन बारीक प्रवाह सोडायचे. दोन्ही इतके जलद की मेंदूच्या पेशींना त्यांचा पत्ताही लागत नाही. पण दोघांच्या वेगात थोडासा फरक ठेवलेला असतो. खोल आत जिथे ते दोघे एकमेकांत मिसळतात, तिथे त्या फरकाएवढी एक संथ लय तयार होते, आणि ती मात्र पेशींना कळते. वरचा मेंदू तसाच राहतो, फक्त खालच्या बिघडलेल्या जागी टिचकी बसते.

माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तेव्हा तिने वर बोट केलं. खोलीत दोन जुने पंखे चालू होते. "ऐका," ती म्हणाली. दोन्ही पंख्यांचा आवाज जवळजवळ सारखा, पण त्या आवाजात मधूनमधून एक घूंऽऽ घूंऽऽ चढत उतरत होतं. "हा आवाज कुठल्या पंख्याचा?" दाजींनी मान वर करून दोन्ही पंखे नीट पाहिले. "एकाचाही नाही. दोघांमधला आहे," ते म्हणाले. बाई खूश झाली.

मग तिने महत्त्वाचं सांगितलं. निम्म्या लोकांना खरा प्रवाह मिळणार आणि निम्म्यांना दिखाऊ. दिखाऊत दोन्ही प्रवाह एकाच वेगाने सोडतात. कातडीला तशाच मुंग्या येतात, पण दोघांत फरकच नाही म्हणून आत काही घडत नाही. कुणाला काय मिळतंय ते शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही, तिलाही नाही. दाजींनी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईने ऐकलं आणि विचारलं, "दुखतं का?" धाकट्याने विचारलं, "दुकान किती वाजेपर्यंत एकट्याने बघायचं?" पुढचं कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

दाजी नेमाने जायला लागले. पट्ट्या लावायच्या, मुंग्या यायच्या, बसून राहायचं. दुसऱ्या आठवड्यात परत येताना ते गाडीत म्हणाले, "जरा हळू घे रे." मला वाटलं, मळमळतंय. पाहतो तर ते आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. हात पडून होता. नुसता पडून होता. मी करकचून ब्रेक दाबला आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

पुढचे दोन महिने त्या घरात मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. दाजींनी स्वतःची दाढी स्वतः केली, दोनदा कापून घेतलं आणि त्या दोन्ही जखमा सगळ्या गल्लीला दाखवल्या. एक दिवस टेबलावर उभ्या माणसाएवढा आरसा मांडला आणि हिरकणी उचलली. धाकटा दारात उभा राहून बघत होता. एकच रेघ गेली, आरसा हलकेच कटकन बोलून दोन झाला, आणि धाकटा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून रडला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो बायकोमुलांना घेऊन चार दिवस फिरायला गेला. ताई गुणगुणायला लागली. तिचा आवाज इतका बेसूर आहे हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो.

मग प्रयोग संपला आणि बाईने दाजींना बोलावून घेतलं. मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्हाला दिखाऊ प्रवाह होता. फरक शून्य. तरी तुमचा हात थांबला! या आजारात असं होतं. बरं वाटणार अशी खात्री पटली की कधीकधी मेंदू जे औषध बनवायचं विसरलेला असतो, तेच स्वतः थोडंफार बनवतो. खरोखर बनवतो." दाजींनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली आणि मग पोरासारखे हसले. वाटेत मला म्हणाले, "म्हणजे माझं मीच केलं की रे!"

मी म्हटलं, "दाजी, घरी हे सांगू नका."

"का? चांगली बातमी आहे."

"चांगली आहे म्हणूनच सांगू नका."

पण हात दाखवून अवलक्षण करायचं दाजींच्या नशिबातच होतं. सगळे जेवायला बसले होते. दाजींनी पहिला घास घ्यायच्या आधीच सुरुवात केली. "अगं, गंमत ऐक. मला तो करंट दिलाच नव्हता! नुसत्या मुंग्या! माझं मीच बरं केलं!"

कुणी हसलं नाही. ताईने वाढता वाढता हात थांबवला. "म्हणजे?" तिने विचारलं.

दाजींनी पुन्हा सगळं सांगितलं, पंख्यांसकट. धाकट्याने ताट पुढे सरकवलं. "दादा, म्हणजे औषध नव्हतं, करंट नव्हता, काही नव्हतं. आणि तू बरा झालास."

"होय!" दाजी म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं, त्याला आनंदच झाला आहे.

"मग चार वर्षं का नाही झालास?"

धाकटा उठला, हात धुतला आणि आपला धरलेला खांदा दुसऱ्या हाताने दाबत जिना उतरून गेला. ताईने बाकीच्यांना वाढलं. दाजींच्या ताटात तिने पुन्हा काही वाढलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

मी डॉक्टरीणबाईला गळ घातली. तिनेही बिचारीने तिघांना बोलावून समजावलं. म्हणाली, आजार खरा आहे, बरं वाटणंही खरं होतं, यात ढोंग नाही, आशेने मेंदूत खरोखर बदल होतो. धाकटा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे आशेने बरं होतं. मग काय आम्ही चार वर्षं आशा कुलपात ठेवली होती? वहिनीने कमी केलं? मी कमी केलं? तुमच्या चार पट्ट्या आमच्यापेक्षा जवळच्या?" खरं सांगू, त्या क्षणी मला धाकट्याचा राग आला नाही. त्याचा प्रश्न चुकीचा होता, पण दुखणं खरं होतं.

राग आला तो पुढे. कारण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं आणि दाजींचा हात परत सुरू झाला. दिखाऊ आहे हे कळल्यावर ती खात्री विरली आणि खात्रीबरोबर हातही गेला. बाईने हेही सांगून ठेवलं होतं. पण घरात कोण ऐकतंय? धाकटा गिऱ्हाइकांसमोर म्हणायला लागला, "दादांचा हात मूडवर आहे. आज मूड नाही." गल्लीने ते उचललं. पेपरवाला जाताना विचारायचा, "काय दाजी, आज सुट्टी की ड्यूटी?" ज्या माणसाने आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलून एक काच विकली नाही, त्याला सगळी गल्ली सोंगाड्या म्हणायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सगळं करणं सोडलं. सकाळी दाजींपुढे काठोकाठ भरलेला चहा ठेवायची आणि आत जायची. ते दोन्ही हातांनी कप धरायचे, चहा बशीत, बशीतून शर्टावर. तो डाग घेऊन ते दुकानात बसायचे. शर्टाची बटणं त्यांनी लावायची, नाहीतर उघडी ठेवायची. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "ताई, तू त्यांना ओळखत नाहीस का? हा माणूस ढोंग करेल?"

"ओळखत होते," ती म्हणाली. "मी यांची नखं काढायचे रे. वाकून, पायाशी बसून. आणि यांना चार मुंग्या आल्या की हे बरे." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती चार वर्षांची माया फुकट गेल्यासारखी बोलत होती, आणि फुकट गेलेल्या मायेइतकं कडू काही नसतं.

इस्पितळाचा नियम असा होता की दिखाऊ प्रवाह मिळालेल्यांना शेवटी खरा द्यायचा. दाजींचं बोलावणं आलं. निघायच्या आधी ताई मला जिन्यात म्हणाली, "आता खरं लावणार म्हणे. खोट्यानेही बरे, खऱ्यानेही बरे. म्हणजे यांच्या मनात आलं की बरे. मग आजार होता कुठे?" ती सहज बोलली. दाजी वरच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांनी ते ऐकलं.

पुन्हा चार पट्ट्या, पुन्हा मुंग्या. या वेळी दाजी सगळा वेळ डोळे मिटून होते, देवाचं नाव घेतात तसे ओठ हलत होते. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "काही मागत नव्हतो. काही वाटून घ्यायचं नाही, एवढंच मनाला बजावत होतो." म्हणजे या वेळी आशेला त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं. आणि तरीही हात थांबला. बटण बंद केल्यावर हळूहळू थांबणाऱ्या पंख्यासारखा नाही, तर कुणी खांद्यावर हात ठेवून "बस आता" म्हणावं तसा. बाईने कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. दाजींनी ती एका दमात काढली. ती रेघ पाहून बाई म्हणाली की इतका चांगला परिणाम तिने अजून कुणात पाहिला नाही. आज याचा असर काही तासच राहील, पण नियमाने येत राहिलात तर तो वाढत जाईल अशी तिला आशा होती.

परतताना अर्ध्या वाटेत दाजी म्हणाले, "गाडी बाजूला घे."

मी गाडी एका बंद गोदामापाशी लावली. दाजी समोरच्या काचेतून बघत बसले. मग म्हणाले, "हा असा हात घेऊन घरी गेलो, तर संपलं. कायमचा खोटा ठरलो."

"दाजी, हा खरा करंट होता. बाई सांगेल."

"मागेही बाईनेच सांगितलं होतं." ते म्हणाले. "दुकान गेलं तरी चालेल. पण ती माझ्याकडे बघत नाही रे. समोर चहा ठेवते आणि बघत नाही."

तेवढ्यात त्यांनी उजवा हात पुढे धरला आणि तो हलवायला सुरुवात केली. टाटा केल्यासारखा.

हसू नका, पण मला हसू आलं. चार वर्षं ज्या हाताने या माणसाला छळलं, तो हात त्याला हलवता येईना. आपला हात कसा दिसतो हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते नेहमी दुसरीकडे बघायचे. बघत होतो आम्ही.

"तसा नाही," मी म्हटलं. "मनगट नंतर. आधी अंगठा. अंगठा बोटावर घासा, गोळी वळता तसा. हां. आणि इतका जोरात नाही. सावकाश, पण न थांबता." मी लोकांना क्लच सोडायला शिकवतो त्याच आवाजात बोलत होतो. दाजी मान हलवून हलवून शिकत होते. "काही उचलायला गेलात की कमी करा, परत ठेवला की सुरू. आणि हाताकडे बघू नका, तुम्ही कधीच बघत नव्हता." त्यांना जमलं. मग ते हात हलवतच रडायला लागले, आणि मला कळेना की आता थांबा म्हणू की चालू द्या म्हणू.

घरी पोचलो तेव्हा ताई दारातच होती. दाजी गाडीतून उतरले. अंगठा, मग मनगट, मग हात. अगदी शिकवल्यासारखं. ताईची नजर सरळ त्या हातावर गेली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे बघत होती.

"काही उपयोग नाही झाला?" तिने विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले. लग्न झाल्यापासून तिच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं असावं.

ती पायऱ्या उतरून आली आणि तिने त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दुकानातून धाकटा बाहेर आला, बघत राहिला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "दादा, चल, आत बस. ऊन आहे." दाजींना दोघांनी धरून आत नेलं.

रात्रीपर्यंत खरा कंप परत आला असणार, म्हणजे त्यांना फार काळ ढोंग करावं लागलं नाही. इस्पितळात दाजी पुन्हा गेले नाहीत. बाईचे मला फोनवर फोन आले. इतका चांगला परिणाम असलेला माणूस का येत नाही, काही त्रास झाला का, मी समजावू का. मी तिला सांगितलं की त्यांची इच्छा नाही. ती चिडली आणि म्हणाली, लोकांना स्वतःचं भलं कळत नाही. मी फोन ठेवला.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. ताई मला एकट्याला बाजूला घेऊन गेली. "मी किती वाईट वागले रे त्यांच्याशी," ती म्हणाली. "बघ ना, त्या खऱ्या मशीनलासुद्धा दाद दिली नाही. म्हणजे बिचाऱ्यांना खरंच आहे."

मी म्हटलं, "हो ताई. खरंच आहे."